रक्तातला गाववाला

दवाखान्याच्या बाकावर हलिमा लेकीचे कुरळे केस विंचरत होती. तिच्या सिद्दी पूर्वजांना गुलाम करून जहाजातून कोकणात आणलं, पण आफ्रिकेतल्या कुठल्या गावाहून, ते तिच्या घरात कुणालाच ठाऊक नाही. तिच्या रक्तातल्या कावीळ-बीच्या विषाणूचं कूळ मात्र आम्हाला तपासून कळलं.

"त्याचे भाऊबंद आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सापडतात," मी म्हटलं.

ती चक्क हसली. "म्हणजे गाववालाच की आमचा, डॉक्टरीणबाई!" मग कंगवा थांबला. "हिच्यातपण आहे?"

मी खाली बघत हो म्हटलं. गाव गेलं, भाषा गेली, नावं गेली. आईकडून लेकीकडे नेमका हाच पोचत राहिला.

हलिमा पुन्हा विंचरू लागली, अगदी हलक्या हाताने.

"अम्मी, ओढ की जोरात," लेक म्हणाली, "मला काही होत नाही."