सहा वर्षं उभी राहिलेली गाडी आणि आळंदचा रस्ता

वहिनीचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. "आळंदच्या अक्का पडल्यात. मांडीचं हाड मोडलंय. तुझ्या दादाला जायचंय, पण बसनं जात न्हाई म्हणायलाय. लोक हात धरून चढवतेत, ते नको त्याला." अक्का आमची थोरली बहीण. मी भाड्याची गाडी सुचवली. तेवढ्यात दादानं फोन घेतला. "भाड्याची कामून, सुमे? माझी गाडी हाय की."

गाडी होती खरी. कर्नाटकात हळ्ळीखेडला, दादाच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. दादा शेतकी खात्यात होता आणि अर्धा जिल्हा त्यानं या छोट्या पांढऱ्या गाडीतून पालथा घातला होता. पुढे काचबिंदूनं नजर जात गेली. एका संध्याकाळी भालकीहून येताना समोरची बैलगाडी त्याला अगदी जवळ गेल्यावर दिसली. कुणाला काही झालं नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यानं गाडी शेडमध्ये लावली आणि किल्ली खिशात ठेवली. त्याला सहा वर्षं झाली. आता त्याला काहीच दिसत नाही. वहिनीनं हळू आवाजात आणखी एक सांगितलं. दादा रोज सकाळी चहाचा कप घेऊन गाडीत जाऊन बसतो, ड्रायव्हरच्या जागेवर, दार लावून.

गाडी सुरू झाली तर त्या जागेवर मला बसावं लागणार होतं. बॅग भरताना मला तेवढंच सुचत होतं.

पुणे–हैदराबाद बसनं सकाळी हुमनाबादला उतरले. लॉऱ्यांच्या रांगेपलीकडच्या हॉटेलात सुसला आणि मिरचीभजी खाल्ली. हा चुरमुऱ्यांचा ओलसर, तिखट प्रकार पुण्यात मिळत नाही, तेव्हा इथं उतरलात तर सोडू नका. तिथून हळ्ळीखेडला बसनं अर्धा तास.

अंगणात मकबूलभाई मेकॅनिक येऊन बसले होते. अशी उभी राहिलेली गाडी तुमच्याही घरी असेल तर त्यांचं पहिलं सांगणं ध्यानात ठेवा : बॅटरी जोडून लगेच किल्ली मारायची नाही. आधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं. त्याला रंगाच्या डब्यासारखा वास येत होता. मग प्लग काढून आत थोडं थोडं ऑइल सोडलं आणि इंजिन पान्यानं, हातानं फिरवून पाहिलं. फिल्टरमध्ये उंदरांनी कापूस आणि शेंगांची टरफलं भरली होती. चारही टायर भेगाळलेले निघाले. खरा खर्च टायर आणि बॅटरीचाच झाला. विमा नव्यानं काढला; पीयूसी गाडी चालू झाल्यावर वाटेत घेतलं. तुमची गाडी पंधरा वर्षांपुढची असेल तर आधी नोंदणीची मुदत बघा. दोन दिवस यातच गेले.

तिसऱ्या सकाळी दादा नेहमीसारखा चहाचा कप घेऊन गाडीत बसला होता. मकबूलभाई म्हणाले, "अण्णा, अब सेल्फ मारना है. जरा उतरो."

दादा उतरला नाही.

"अहो, उतरा की," वहिनी म्हणाली.

"चालू मी करणार. मग उतरतो."

त्यानं किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं आणि बसलं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा ते खोकलं, मागून काळा धूर निघाला आणि गाडी चालू झाली. शेजारच्या कोंबड्या ओरडत पळाल्या. वहिनी हसत होती. दादा हसला नाही. तो अॅक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून बराच वेळ नुसता ऐकत राहिला.

मग त्यानं दार उघडलं. मी हात पुढे केला, तो त्यानं बाजूला सारला. बॉनेटवर तळहात टेकवून, गाडीच्या पुढून वळसा घालून तो डाव्या दारापाशी गेला आणि बसला. "चल सुमे. पहिला गिअर जरा अडतो, दांडगाई करू नको."

आळंद तिथून शंभरेक किलोमीटर. आम्ही हुमनाबादवरून हायवेनं उमरग्याकडे आणि तिथून डावीकडे खाली असा रस्ता घेतला. म्हणजे कर्नाटकातून महाराष्ट्रात आणि पुन्हा कर्नाटकात. गाडीला फास्टॅग नव्हता, टोलला दुप्पट पैसे बसले. निघण्याआधी काढून ठेवा.

दादाला वाटत होतं, रस्ता त्याला तोंडपाठ आहे. "आता चढ येईल. मग डाव्या हाताला चिंचंची झाडं."

चढ आला नाही. रस्ता रुंद झाला होता, झाडं गेली होती. "आलं का बसवकल्याणचं वळण?" त्यानं विचारलं.

"मघाशीच गेलं दादा. आता वरून पूल झालाय."

"व्हय का?" तो म्हणाला. थोड्या वेळानं त्यानं मांडीवरचे हात उचलून दोन्ही बाजूंना सीट घट्ट धरली. गाडी सुरू करून आपण याला घराबाहेर नाही, परमुलखात आणून सोडलंय, असं मला वाटलं.

तेव्हा मागच्या सीटवरून वहिनी बोलायला लागली, कुणी न विचारता. "तुरीला फुलं आलीत बघा. पिवळं पिवळं झालंय सगळं. ह्या माणसानं बांधाला करडई लावलीय. म्हशी पाण्यात बसल्यात, चार. न्हाई, पाच." दादाचे हात सैल झाले. मैलभरानं तोच म्हणाला, "ज्वारी कितीक वर आलीय?" "गुडघ्याला," वहिनी म्हणाली.

उमरग्याच्या अलीकडे दादानं एकदम नाक वर केलं. "थांब. करपल्याचा वास यायलाय." मागचं डावं चाक तापून लाल व्हायचं बाकी होतं. ब्रेक सुटतच नव्हता. ढाब्यावर थांबलो. मकबूलभाई फोनवर ओशाळले. पुढचे ब्रेक खोलले, मागचे राहून गेले, म्हणाले. उमरग्यातून एक मेकॅनिक बोलावला, दोन तास गेले. उभ्या गाडीचे चारही ब्रेक खोलून घ्या, ही आमची शिकलेली गोष्ट.

आळंदला पोचेपर्यंत ऊन कलत आलं होतं. अक्का खाटेवर होती. "जय भीम," म्हणून दादा दारात उभा राहिला. अक्कानं हात लांब केला, पण तो त्याला दिसणार नाही हे लक्षात आल्यावर म्हणाली, "उत्तम, हिकडं. आवाजाकडं ये."

तो जाऊन खाटेच्या कडेला बसला. चार वर्षांनी बहीणभाऊ भेटत होते. अक्का त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. चहा झाल्यावर ती सवयीनं म्हणाली, "आता निघशील. तुला अंधाराच्या आत घर गाठायचं आसतंय."

मला तेव्हा आठवलं. गाडी चालवायचा त्या शेवटच्या काही वर्षांत दादा इथं आला की दुपारी चारलाच निघायला उठायचा. रात्री दिसत नाही हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि अक्काला वाटायचं, भावाचं मन लागत नाही.

दादा म्हणाला, "आता मला दिवस काय, रात्र काय, अक्का. र्‍हातो की."

अक्का मोठ्यानं रडली. मग नाक पुसून वहिनीला म्हणाली, "कडक भाकरी हायेत डब्यात. ह्याला शेंगाचटणी लागती."

आम्ही दोन रात्री राहिलो.

परतल्यावर वहिनीनं मला गावाबाहेरच्या मैदानावर नेऊन तिला गाडी शिकवायला लावलं. मी घाबरत होते, ती नव्हती. दादा शेजारी बसून ओरडत होता, "क्लच सोडायलीस का लाथ मारायलीस?" ती म्हणाली, "तुम्ही गप बसा."

मी पुण्याला आले. परिचित विचारतात, जुन्या गाडीवर एवढा खर्च केलात, फायदा काय? ज्या माणसाची वस्तू आपण पुन्हा चालू करतो, त्याला ती आधीसारखी परत मिळत नाही. दादाला स्टिअरिंग मिळालं नाही. अक्का मिळाली, हे खरं. पण त्या दिवशी रस्त्यावर त्यानं सीट धरलेली मी पाहिली आहे, आणि ते मला विसरता येत नाही.

वहिनीला लायसन मिळालं. परवा ती त्याला घेऊन हुमनाबादच्या बाजाराला गेली. रात्री दादाचा फोन आला. मी विचारलं, "भीती वाटली का रे?"

"लई," तो म्हणाला. आणि मग, "सुमे, ही गाडीत सारखी बोलती गं. मी चालवायचो तवा एक शब्द न्हाई. मला इतकी वर्षं वाटायचं, हिला गाडीत झोप येती."