वळत्या पुलाच्या मध्यावर

स्वस्थता काही माणसांच्या प्रकृतीला मानवतच नाही. कोपनहेगनच्या बंदरालगत, आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारी बोदिल राउनकिल्डे त्यांपैकी एक. व्यवसायाने ती पुलांची अभियंती. आयुष्यभर तिने इतरांच्या पुलांचे कठडे आणि सांधे आखले. स्वतःच्या नावाचा पूल मात्र एकही नव्हता. निवृत्ती जवळ आली असतानाच नगरपालिकेने स्पर्धा जाहीर केली. आतल्या बंदरावर केवळ पादचारी आणि सायकलस्वार यांच्यासाठी पूल हवा होता, आणि शिडाची नौका आली की त्याने अदबीने बाजूला व्हायचे होते. आपला हा पहिला आणि अखेरचा पूल, हे तिने तत्क्षणी जाणले आणि त्या दिवसापासून तिचे बूड खुर्चीला टेकेना. काळ्या पावावरचा खारवलेला मासा ती उभ्यानेच खाई. जिन्यात भेटली तरी एक पायरी वर, एक पायरी खाली, असे तिचे बोलणे चाले.

जात्याची वरची तळी मधल्या खिळीभोवती फिरावी, तसा तिचा पूल बंदराच्या मधोमध रोवलेल्या एकाच खांबावर फिरणार होता. तो सरळ नव्हता. किंचित ओढलेल्या धनुष्यासारखा त्याचा सौम्य वक्र होता, आणि त्यात एक हेतू होता: किनाऱ्यावरून वळून येणाऱ्या सायकलस्वाराला कोठेही वेग तोडावा लागू नये. सकाळच्या सायकलींच्या ओघात मध्येच थांबणाऱ्याकडे हे नगर ज्या नजरेने पाहते, ती नजर अन्यत्र पूजेत शिंकणाऱ्याच्याच वाट्याला येत असेल.

आराखडा धाडण्यापूर्वी तो पूर्ण मापात खडूने भूमीवर उतरवायचा आणि नागरिकांना त्यावरून जाऊ द्यायचे, ही तिच्या कार्यालयाची जुनी रीत. एका रविवारी ओसाड धक्क्यावर पांढऱ्या रेषांचा पूल अवतरला. आमंत्रित जमले. सायकली त्या वक्रावरून अशा वाहत गेल्या की बोदिलच्या चेहऱ्यावर क्षणभर शांती दिसली.

"आता पायी चालणारे या!" तिने हाक दिली.

कोणी हलले नाही. ज्याच्या हातात सायकल नाही असा मनुष्यच तेथे दिसेना.

"आस्गर, पादचारी बोलावले होते ना आपण?" तिने आपल्या तरुण सहकाऱ्याला विचारले.

"बोलावले होते की. आलेत ना. सायकलवरून."

"चेष्टा पुरे."

"चेष्टा कसली? तू स्वतः शेवटची पायी कुठं गेलीस, सांग. घरातल्या घरात सोडून."

मग तिची दृष्टी आपल्या वडिलांकडे गेली. थोरवाल हे एकेकाळी लोकांच्या घरचे पियानो सुरात लावून देत. आता आधाराची चार चाकांची चौकट ढकलत चालत. दालचिनीच्या वड्या मिळतील या आशेने ते आले होते.

"बाबा, तू चाल जरा यावरून."

"खायला बोलावलंस की राबायला?" असे पुटपुटत ते निघाले. बरोबर मध्यावर पोहोचून त्यांनी चौकटीचा ब्रेक लावला, तिच्या फळीवर बसले आणि दम खाऊ लागले. त्याच क्षणी, ठरल्याप्रमाणे, आस्गरने पूल फिरण्याची घंटा वाजवली. सायकली डोळ्याचे पाते लवते न लवते तोच दोन्ही टोकांना निघून गेल्या. खडूच्या पुलावर थोरवाल एकटेच उरले.

"थोरवाल, घंटा झाली! पूल फिरतोय!" आस्गर ओरडला.

"फिरू दे. मी कुठं अडवलाय?"

"अरे, उतरायचं असतं!"

"तुम्ही उतरलात ना? झालं तर. मला दम लागलाय."

सगळे खळखळून हसले. बोदिल हसली नाही. तिच्या डोळ्यांसमोर खरे पाणी होते, खरी घंटा होती, दोन्ही तीरांवर ताटकळलेली ती सहस्र नेत्रांची नजर होती, आणि त्या नजरेला लाजून घाईने उठू पाहणारा, तोल जाणारा वृद्ध होता. पूल रिकामा होण्याचा अवधी तिने मनातल्या मनात सायकलवर बसूनच मोजला होता.

त्यानंतरचे दिवस ती वर येरझाऱ्या घालत होती आणि आम्ही खाली ऐकत होतो. उपाय तिला दिसला होता. खांबाच्या माथ्यावर, पुलाच्या मध्याशी, रुंदी वाढवून कठड्याआड एक बाक ठेवायचा. ज्याला उतरणे जमणार नाही त्याने तेथेच बसावे आणि पुलाबरोबर सावकाश फिरावे. ती तो बाक काढी, पुसून टाकी, पुन्हा काढी.

"कंबर सुटेल पुलाची," आस्गर म्हणाला. "सापानं बेडूक गिळल्यासारखा दिसेल. आणि फिरत्या पुलावर माणूस ठेवायचा नाही, असा नियम आहे."

"नियम बदलता येतो. बाबाचा दम कसा बदलू?"

"बोदिल, हरशील."

"कळतंय रे मला! म्हणून तर झोप नाही."

अखेर तिने बाकासहितच आराखडा धाडला. दुसरा क्रमांक आला. परीक्षकांनी त्यातील करुणेची वाखाणणी केली आणि आकाराला नावे ठेवली. पहिला आला किएल नावाच्या तरुण वास्तुकाराचा पूल, पात्यासारखा सरळ आणि सडपातळ. बोदिलच्या नावाचा पूल आता होणार नव्हता.

मी सांत्वनासाठी वर गेलो तेव्हा ती उभीच होती, फोन कानाशी धरून.

"अभिनंदन, किएल. देखणा आहे तुझा पूल. खरंच. एकच विचारते. दमलेला माणूस त्यावर थांबतो कुठं?"

"थांबतो?" किएलचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "पूल ओलांडायला असतो ना?"

"ओलांडतोच आहे तो. मध्यावर पोचलाय. घंटा झालीये. आता?"

ती खिडकीपासून दारापर्यंत गेली, परत आली. मग फोनमधून किएलने आराखड्याची मोठी गुंडाळी उलगडल्याचा आवाज आला.