दिनानाथ पेठ्यांचा स्कोप

दिनानाथ पेठे वरणगावहून बदलीवर मद्रासला आले ते दोनेक वर्षांसाठी म्हणून, आणि राहिले ते कायमचे. शहराजवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात, स्टोअर्स विभागात नोकरी झाली. मुलगा अनय इथेच शिकला आणि नोकरीला पुण्याला गेला. मधल्या काळात शहराचं नाव चेन्नई झालं. निवृत्तीनंतर पेठे आणि त्यांची बायको विद्युलता तांबरमजवळ सेलैयूरला एका लहान फ्लॅटमध्ये राहायला आले.

पेठ्यांना एकच नाद होता, नेमबाजीचा. वरणगावच्या दिवसांत कारखान्याच्या क्लबात त्यांनी पॉइंट टू-टूची रायफल पहिल्यांदा खांद्याला लावली आणि ती मग सुटलीच नाही. मोठी बक्षिसं कधी मिळाली नाहीत. राज्य स्पर्धेत एकदा कांस्यपदक मिळालं होतं, तेही सांघिक. पण दर रविवारी सकाळी वंडलूरच्या पुढच्या रेंजवर जायचं, क्लबाच्या कोठारातून आपली रायफल काढायची, पालथं पडून पन्नास मीटरवरच्या काळ्या गोलाकडे बघत श्वास आवरायचा, यात त्यांना जो आनंद मिळे तो देवळात मिळत नाही, असं ते म्हणत. विद्युलताबाईंना हे आवडत नसे. "तिकडे पालथं पडता आणि इकडे येऊन कमरेला बाम लावायला सांगता," असं त्या म्हणत आणि बाम लावत.

साठी उलटली तसा त्यांचा नेम बिघडू लागला. साध्या रायफलीवर मागच्या बारीक भोकातून बघून पुढच्या कड्यात काळा गोल धरायचा असतो. ते कडंच आता धूसर दिसे. वयाने होतं असं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

त्यांचे रेंजवरचे सोबती तुळजाजी हे तंजावरी मराठे, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांची मराठी जुन्या वळणाची, मध्येच तमिळ हेल काढणारी. ते म्हणाले, "दिनानाथराव, कां उगाच जिवाला त्रास करून घेतां? क्लबांत आतां दुर्बिणीची स्पर्धा सुरू केलीय की. बसून नेमायचें, वाळूच्या पिशवीवर बंदूक टेकवायची. एक चांगला स्कोप घ्या, पा."

पेठ्यांना ते पटलं. स्कोपमध्ये कडं नाही, भोक नाही. फुली आणि निशाण दोन्ही एकाच अंतरावर, स्पष्ट. म्हाताऱ्या डोळ्यांसाठीच केलेली वस्तू. त्या वर्षी, म्हणजे २००३ साली, पोंगल झाल्यावर ते तुळजाजींना घेऊन माउंट रोडवरच्या बंदुकीच्या दुकानात गेले.

दुकानदार सुब्बा हा पन्नाशीचा, हळू बोलणारा माणूस. त्याने एक लहान स्कोप लाकडी घोडीवर बसवला आणि दारातून रस्त्यापलीकडच्या खिडकीवर रोखला. पेठ्यांनी डोळा लावला, घोडीला हात न लावता डोकं जरासं डावीकडे-उजवीकडे केलं. फुली खिडकीच्या गजावरून सरकून भिंतीवर गेली.

"हा मोठ्या रायफलीचा आहे," पेठे म्हणाले. "लांबच्या निशाणासाठी जुळवलेला. पन्नास मीटरवर गाल जरा हलला तरी गोळी भलतीकडे जाईल."

"बरोबर आहे, सार," सुब्बा म्हणाला. "टू-टूसाठी जवळच्या अंतराचा हवा. मी मागवतो."

तो पहिला स्कोप पेठ्यांनी नाकारला ते योग्यच होतं. पुढे जे झालं ते त्यामुळेच कुणाच्या लवकर लक्षात आलं नाही. हा माणूस जाणून-सवरून घेणारा आहे, असं सुब्बाने धरलं.

दुसरा स्कोप उन्हाळ्यात आला. जवळच्या अंतराचा, हवं तितकं मोठं दिसेल असा. पेठ्यांनी तो रेंजवर नेऊन रायफलीवर चढवला आणि पुढच्याच आठवड्यात परत आणला.

"यातली फुली वाकडी आहे."

सुब्बाने डोळा लावला. बराच वेळ पाहिलं. "मला सरळ दिसते, सार."

"मधोमध बघा. उभी तार मध्यावर डावीकडे कलते. शिवाय काच खराब असावी. काळा गोल आंब्यासारखा दिसतो."

सुब्बा काही बोलला नाही. जुनं गिऱ्हाईक, वयाने मोठं. त्याने स्कोप ठेवून घेतला आणि दुसऱ्या बनावटीचा मागवतो म्हणाला. त्यात पावसाळा गेला. घरी पेठे स्कोपच्या माहितीपत्रकांत बुडालेले असत. फुलीची तार बारीक हवी, नाहीतर काळा गोल झाकला जातो. जास्त मोठं दाखवणारा घ्यावा तर नाडीचा ठोकासुद्धा फुलीत दिसतो. डोळा आणि काच यांत चार बोटं अंतर हवं. जेवताना ते हे विद्युलताबाईंना समजावून सांगत. त्या आमटी वाढता वाढता म्हणत, "अहो, मुलीसाठी स्थळ बघावं तसं चाललंय तुमचं."

तिसरा स्कोप दिवाळीनंतर आला. बारीक तारेचा, पुढच्या काचेचं कडं फिरवून अंतर जुळवता येईल असा. पेठे आणि तुळजाजी पुन्हा दुकानात गेले. पेठ्यांनी डावा डोळा मिटून उजवा लावला. बघत राहिले. मग मान वर करून थकल्या आवाजात म्हणाले, "हीसुद्धा वाकडी. आणि मध्ये डाग आहे. सुब्बा, तुम्हाला कोणीतरी फसवतंय."

दुकानात आणखी एक गिऱ्हाईक होतं, ते वळून बघू लागलं. सुब्बाने तुळजाजींकडे पाहिलं. तुळजाजी पुढे झाले, त्यांनी डोळा लावला.

"काय दिसतं?" पेठ्यांनी विचारलं.

"सरळ आहे."

"नीट बघा."

"नीटच बघतों." तुळजाजी बाजूला झाले आणि हळूच म्हणाले, "दिनानाथराव, एकदां डाव्या डोळ्याने बघतां कां?"

पेठ्यांना राग आला. पण वाकले. उजवा डोळा मिटला, डावा लावला. फुली सुतासारखी सरळ होती. पलीकडच्या खिडकीचे गज सरळ होते. त्यांनी पुन्हा उजवा लावला. गज मधोमध आत ओढल्यासारखे झाले आणि जिथे फुलीचा छेद असायला हवा तिथे तपकिरी धब्बा. पुन्हा डावा. पुन्हा उजवा. असं ते करतच राहिले. मग त्यांनी समोरच्या दुकानाच्या पाटीकडे स्कोपशिवाय, नुसता डावा डोळा हाताने झाकून पाहिलं, आणि तिथल्या स्टुलावर बसले.

सुब्बाने त्यांना पाणी दिलं. "मी दुसऱ्या वेळीच बोलायला हवं होतं, सार," तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्हाला अपमान वाटेल."

दोन्ही डोळे उघडे असले की डावा डोळा उजव्याचं उणं झाकून घेई. वाचताना, चालताना, गाडीत चढताना काहीच कळत नसे. एक डोळा मिटायची वेळ त्यांच्यावर फक्त रायफलीमागे येई. म्हणून दोष फुलीचा वाटला, मग काचेचा, मग माल पाठवणाऱ्याचा.

शहरातल्या मोठ्या डोळ्यांच्या इस्पितळात तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांना चौकडीच्या रेघांचा एक कागद दाखवला आणि मधल्या ठिपक्याकडे बघायला सांगितलं. पेठे म्हणाले, "ठिपका दिसत नाही. रेघा वाकलेल्या दिसतात." डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध नको त्या रक्तवाहिन्या उगवल्या होत्या. त्या पाझरत होत्या. वयानं होणारा आजार. ठार आंधळं कोणी होत नाही, कडेचं दिसत राहतं. जातं ते मधलं.

"रेघा वाकड्या दिसायला लागून किती दिवस झाले?"

उत्तर विद्युलताबाईंनी दिलं. "उन्हाळ्यापासून. यांना वाटलं स्कोप खराब आहे."

डॉक्टरीणबाईंनी कागदावरून मान वर केली, काहीतरी बोलणार होत्या, आणि बोलल्या नाहीत. ते न बोललेलं विद्युलताबाईंना अचूक कळलं. घरी येताना लोकल गाडीत त्यांनी नवऱ्याचा हात धरला होता. एरवी चारचौघांत त्या असं कधी करत नसत.

उपचार झाला. शिरेतून औषध देऊन डोळ्यावर लेझर सोडायचा. त्या औषधामुळे काही दिवस उन्हाचा किरणही अंगावर पडू द्यायचा नव्हता. चेन्नईत ऊन टाळायचं म्हणजे काय! विद्युलताबाईंनी खिडक्यांना चादरी बांधल्या, पंख्याखाली अंधारात पेठे बसून राहिले. अनय पुण्याहून आला, बापाजवळ बसला आणि इंटरनेटवर वाचलेलं सांगत राहिला. सांगण्यासारखं फार नव्हतं. आहे ते टिकवता आलं तर टिकवायचं, इतकंच. तेही टिकलं नाही. उजव्या डोळ्यातला धब्बा पसरत गेला.

डॉक्टरीणबाईंनी तो रेघांचा कागद घरी दिला होता. रोज सकाळी डाव्या डोळ्याने बघायचा. काही वाकलं तर लगेच यायचं. पेठ्यांनी तो कपाटाच्या दारावर चिकटवला. ते कागदासमोर उभे राहिले की विद्युलताबाई स्वयंपाकघरात हातातलं काम थांबवून उभ्या राहत. "ठीक आहे," असा आवाज आला की गॅस पेटवत.

अशात पेठ्यांनी एक दिवस जाहीर केलं, "मी डाव्या खांद्यावरून शिकणार."

"आता?" विद्युलताबाई म्हणाल्या. "अहो, कशाला?"

"मग काय करू? रोज त्या कागदाकडे बघत बसू?"

मग पेठे पुन्हा सुब्बाकडे गेले. तिसरा स्कोप सुब्बाने कुणाला विकला नव्हता. आता निवड डाव्या डोळ्यासाठी होती. रायफलीचा बोल्ट, म्हणजे गोळी भरायची दांडी, उजवीकडे, तेव्हा डाव्या खांद्यावरून नेम धरताना हात वरून पलीकडे न्यावा लागे. स्कोप फार खाली बसवला तर बोटं अडकत. सुब्बाने स्कोप बसवायच्या उंच कड्या शोधून काढल्या. फुली फार जाड नको, फार बारीकही नको, कारण उद्या हाही डोळा मंदावला तर तार दिसायला हवी. हे पेठे इतक्या सहज बोलून गेले की तुळजाजींनी तोंड दुसरीकडे फिरवलं. शेवटी तोच स्कोप ठरला. त्यातली फुली सरळच होती.

वर्षभर ते शिकले. पहिल्या दिवसांत बोल्ट ओढताना रायफल पिशवीवरून घसरे. पुढच्या हिवाळ्यात क्लबाच्या स्पर्धेत त्यांनी डाव्या खांद्यावरून नेम धरला. नंबर खालून दुसरा आला. घरी येऊन त्यांनी विद्युलताबाईंना भोकं पडलेलं निशाण दाखवलं, आणि नेमबाजीतलं काही न कळणाऱ्या त्या बाईने ते खूप वेळ हातात धरून ठेवलं.

पण तो डोळाही गेला. चित्रै महिन्यातल्या, ऐन उन्हाळ्यातल्या एका रविवारी, नेम धरलेला असताना, काळा गोल हळूच एका बाजूला दबला. पेठ्यांनी डोळा मिटला, उघडला. तार वाकलेली. त्यांनी गोळी बाहेर काढली, बोल्ट उघडा ठेवला आणि मागे बसलेल्या तुळजाजींना हाक मारली.

"काय झालें?"

"तुम्ही बघा जरा यातून," पेठे म्हणाले. बघून काय होणार हे दोघांनाही माहीत होतं. तरी तुळजाजी वाकले, त्यांनी स्कोपला डोळा लावला, आणि तसेच वाकून राहिले.

या वेळी एक दिवसही दवडला नाही. तोच उपचार, त्याच चादरी. पुढच्या वर्षी डोळ्यात द्यायचं नवं इंजेक्शन आलं, तेही घेतलं. त्याने पाझर थांबला, पण मधला भाग तोवर गेलेला होता. लवकर जाऊनही तसं झालं, म्हणून आता स्वतःलासुद्धा दोष देता येईना.

रायफल विकावी लागली. क्लबातल्या अवनीने घेतली. ती नागपूरची, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या संगणक कंपनीत काम करणारी. ती संकोचत म्हणाली, "काका, स्कोप मला नको. मी ज्या स्पर्धांत उतरते तिथे तो चालत नाही." पेठ्यांनी स्कोप बोटांनी चाचपत स्वतःच उतरवला आणि सुब्बाकडे पाठवला. सुब्बाने तो ठेवून घेतला.

आता पेठे चालताफिरताना अडत नाहीत. दाराची चौकट, रस्त्याच्या कडा, बस, सगळं कडेकडेने दिसतं. मधोमध मात्र काही नसतं. समोरच्याचा चेहरा बघायचा तर त्यांना त्याच्या बाजूला, हातभर पलीकडे बघावं लागतं. मग कडेने थोडा चेहरा हाती लागतो. पहिले काही महिने विद्युलताबाईंना वाटे, हे आपल्याशी बोलताना भिंतीकडे बघतात, यांचं लक्षच नाही. एकदा त्या त्यावरून चिडल्या आणि मग दिवसभर रडल्या.

मागच्या महिन्यात अवनी पेढे घेऊन आली. राज्य स्पर्धेत तिला पदक मिळालं होतं. पेठ्यांनी तिला समोर बसवलं, गुणांची विचारपूस केली, वारा कुठल्या बाजूने होता ते विचारलं. विचारताना ते तिच्या खांद्यापलीकडे दाराकडे बघत होते. कोणी आलं की काय म्हणून अवनीने मागे वळून पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

"तुझ्याकडेच बघताहेत गं ते," विद्युलताबाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.