बारा ते चारचं फडकं

"याले कोना हात लागना शे?"

कोणताही आकडा समोर आला की आपले शेजारी आधी अहिराणीत हे विचारायचे. याला कोणाचा हात लागला आहे? दवाखान्यात रक्तदाबाचा आकडा ऐकला की त्यांची नजर दंडावरच्या पट्ट्याकडे. भाजीवाल्याने वांगी तोलली की नजर काट्याकडे. भाजीवाला वैतागून म्हणायचा, "मन्हाच लागना साहेब, आखो कोना लागी?"

मुलांनो, सुट्टीत आलात की तुम्ही त्यांना हवावाले काका म्हणायचात. आपल्या भिंतीला लागूनच त्यांचं घर. मूळचे आपल्या नंदुरबारजवळच्या रनाळ्याचे, शेतकऱ्याच्या घरातले. पुण्यात शिकले, बरीच वर्षं परदेशात राहिले आणि परत पुण्यातल्या एका संस्थेत आले. हवेत काय मिसळतं, उन्हात त्याचं काय होतं आणि त्याने ऊन-पाऊस कसा बदलतो, यात त्यांनी आयुष्य घातलं. गल्लीतले लोक त्यांना डॉक्टरसाहेब म्हणत आणि खोकला दाखवायला येत. ते सगळ्यांना गरम पाणी प्यायला सांगत.

एकदा त्यांनी आपल्या ओट्यावर खडूने चौकोन आखले. म्हणाले, "काकू, कॉम्प्युटरमध्ये आम्ही पृथ्वी अशी कापतो. एका चौकोनाला एकच हवा. आता सातपुडा आणि तापी एकाच चौकोनात बसवली, तर डोंगराला आणि नदीला एकच हवा. कसं चालेल?" मी म्हटलं, चालणार नाही. त्यांना इतका आनंद झाला की खडू तिथेच विसरून गेले. ओटा मला पुसावा लागला.

त्यांचं एक म्हणणं होतं. आपल्याकडे दुपारी जमीन तापली की हवा धूळ घेऊन उंच उचलली जाते, आणि ती जगभरच्या मॉडेलांत धरलेली असते त्याहून फार जास्त उचलली जाते. त्यामुळे ढगांची गणितं चुकतात. "पंचवीस वरीस पासून सांगी ऱ्हायनू, कोनी ऐकस नहीं," असं ते हसून म्हणत, पण ते हसणं डोळ्यांपर्यंत जात नसे. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्याआधी पुरावा हवा होता.

म्हणून त्यांनी दोन यंत्रं बसवली. एक कळसाडी गावात एका शेतकऱ्याच्या घरावर, दुसरं आपल्या गच्चीवर, कारण त्यांचं घर बहुतेक बंदच असे. शेगडीएवढं पांढरं यंत्र, वर टोपी, टोपीखाली तोंड. ते हवा ओढायचं आणि दर तासाला हवेत किती धूळ आहे ते नोंदवायचं. मला म्हणाले, "तुम्ही काही करायचं नाही, काकू. फक्त असू द्या." ते महिन्यातून दोन-तीन दिवस यायचे, बाकीचे दिवस पुण्यात.

आता नंदुरबारचा हिवाळा तुम्हाला माहीत आहे. गावाबाहेर मिरच्या वाळत घालायच्या पथाऱ्या पडतात, मैदानंच्या मैदानं लाल होतात. दुपारी वारा सुटला की तिखट घरात येतं. मग माठावर, दुधावर, पिठाच्या डब्यावर ओलं फडकं टाकायचं. लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाईंनी हे शिकवलं आणि आजवर एक दिवस चुकलेला नाही. बाराला टाकायचं, चारला काढायचं.

यंत्राचं तोंड उघडं होतं. मी त्याच्यावरही फडकं टाकलं.

यात काही वावगं आहे असं माझ्या मनातही आलं नाही. कोणाचं महागाचं यंत्र आपल्याकडे ठेवलेलं, त्यात तिखट जाऊन बिघडलं तर? ते स्वतः आलेले असत तेव्हा मी वर जात नसे. ज्याचं यंत्र तो बघेल.

दोन हिवाळे असे गेले. दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी ते आले ते जिन्यातूनच "काकू, चहा," म्हणत. हातात इंग्रजी लेख. माझं शिक्षण इंग्रजीतलं, म्हणून त्यांच्या लेखांतली व्याकरणाची दुरुस्ती मीच करायची. त्यांनी मधलं पान उघडून माझ्यासमोर सरकवलं. आलेखावर एक रेघ होती. बाराला ती एकदम खाली कोसळली होती, चारला तितकीच एकदम उभी राहिली होती.

"दुपारी बघा. धूळच नाही. सगळी वर गेली."

मी लाल पेन्सिल हातात धरून बसले. हवेला घड्याळ कळत नाही. बारा ते चार हे फक्त मला कळतं.

"आणि कळसाडीला?" मी विचारलं.

"तिथं असं दिसत नाही. पण तो भाऊ प्रामाणिक निघाला. म्हणाला, साहेब, मी यंत्र हातभर सरकवलं होतं. म्हणून कळसाडीचे आकडे काढून टाकले."

"आणि तुम्ही इथं असता ते दिवस?"

"तेही काढले. त्या दिवसांत हा खड्डा पडतच नाही. मी टोपी उघडतो ना, माझाच हात लागतो." ते चहा बशीत ओतत होते. "तुमच्या गच्चीवर तेवढं हात लावणारं कोणी नाही."

भाजीवाल्याला, डॉक्टरला, अख्ख्या गावाला विचारणाऱ्या माणसाने मला तो प्रश्न कधी विचारला नव्हता. मी नीटनेटकी म्हणून.

आणि मी काय केलं ते तुम्हाला खरं सांगते. मी स्वल्पविराम दुरुस्त केले, पानं सरळ केली, टाचणी लावली आणि लेख परत दिला. चांगला झाला आहे, असंही म्हणाले. ते गेल्यावर स्वयंपाकघरात फडकी दोरीवर वाळत होती.

आठ दिवस मी गप्प राहिले. नवव्या दिवशी पुण्याला फोन केला. एका दमात सगळं सांगितलं.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"बारा ते चार."

"रोज?"

"तुम्ही नसाल तेव्हा रोज. रविवारीसुद्धा."

मग अगदी हळू आवाज आला, "मी तुम्हले इचारंच नहीं." पुन्हा तेच, जणू माझ्याशी बोलतच नव्हते. "मी तुम्हले इचारंच नहीं, काकू."

त्यांनी छापायला गेलेला लेख परत मागवला. संस्थेतले लोक हसले असणार, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पुढच्या हिवाळ्यात आले ते आधी कळसाडीला गेले आणि त्या शेतकऱ्याची माफी मागून आले. तो म्हणाला होता, "साहेब, हातभर सरकावाथीन हवा बदलस का?" हे सांगताना ते खूप दिवसांनी मोकळे हसले.

कळसाडीच्या आकड्यांवर त्यांनी नवा लेख लिहिला. दुपारी धूळ कमी होते, ते खरं निघालं. पण आलेखात त्यांना विहिरीएवढा खड्डा हवा होता आणि निघाली बशी. तो लेखही तपासायला माझ्याकडे आला. त्यात एक वाक्य होतं: नंदुरबारच्या यंत्रावर रोज चार तास सुती कापड असे; यंत्रावर कोणी काही टाकतं का, हे लेखकाने विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, "इथं माझं नाव घाला."

"हात तुम्हना व्हता," ते म्हणाले, "चूक मन्ही शे."

गेल्या पावसाळ्यात पुण्याहून त्यांच्या पत्नीचा फोन आला. सकाळी फिरायला निघाले आणि जिन्यातच बसले, ते उठलेच नाहीत. मी "बरं" म्हणाले. फोन ठेवल्यावर कळलं की मी बरं म्हणाले.

यंत्र न्यायला संस्थेतून कोणीतरी येणार आहे. ते बंद आहे, तरी गच्चीवर तसंच उभं आहे. पथाऱ्या पुन्हा पडल्या आहेत. बाराला मी माठ झाकते, दूध झाकते, पिठाचा डबा झाकते, आणि एक फडकं हातात घेऊन वर जाते. टोपीवर तिखटाचा लाल थर बसला आहे, बोट ओढलं तर रेघ उठेल इतका.

मी ते पुसत नाही. फडकं घेऊन खाली येते. न्यायला येणाऱ्याने विचारलंच, तर मला सांगता आलं पाहिजे की याला कोणाचाही हात लागलेला नाही.