जेवणानंतरची सिगारेट

नवं राज्य झालं त्या सुमारास मी अकोटहून अमरावतीला कॉलेजात शिकायला आलो आणि एका विधवा बाईंच्या खानावळीत जेवू लागलो. सगळे त्यांना मावशी म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत त्या आठ जणांना दोन्ही वेळ जेवू घालत. खोलीला खिडकी एकच, तीही हातभर. आमच्यात वयाने मोठे म्हणजे तर्कशास्त्राचे एक प्राध्यापक. आम्ही त्यांना सर म्हणायचो आणि सिगारेट धरायची त्यांची ढब उचलायचो. जेवण झालं की सर पाटावर बसल्या बसल्याच सिगारेट पेटवत, मग आम्ही. थोटकं ताटातल्या उरलेल्या वरणात विझवायचो. ती ताटं मावशीच घासायच्या, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात कधी आलं नाही.

मावशींना दमा होता. त्या पावसाळ्यात तो फार वाढला. भाजी वाढताना मध्येच त्या भिंतीला हात टेकून उभ्या राहायच्या. एका दुपारी त्यांनी सांगून टाकलं की यापुढे बिडी-सिगारेट बाहेर रस्त्यावर, घरात नाही.

सरांनी हसून विचारलं, "आणि चुलीच्या धुराचं काय, मावशी? तो चालतो?"

"त्याच्यातून भाकर निघते," मावशी म्हणाल्या. "तुमच्या धुरातून काय निघते?"

संध्याकाळी सरांनी आम्हाला आपल्या खोलीवर बोलावलं. व्यक्तिस्वातंत्र्य, लोकशाही, राज्यघटना, सगळं निघालं. विषय काय, तर जेवल्यावर दहा पावलं चालून बाहेर जायचं की नाही. दोन तास ही बडबड चालली आणि आम्ही माना डोलावत होतो. मग सरांनी मजकूर सांगितला आणि मी निषेधाचा अर्ज लिहिला. मावशींना वाचता येत नव्हतं.

आमच्यात हिवरखेडचा एक वकिलीचा विद्यार्थी होता. त्याच्या घरच्यांनी काही वर्षांपूर्वीच बौद्ध धम्म स्वीकारला होता. बिडी तो आमच्यापेक्षा जास्त प्यायचा, पण त्या दुपारी मावशींनी सांगताच उठून रस्त्यावर गेला होता. अर्जावर सही करायला त्याने नकार दिला. घटनेने दिलेला हक्क असा सोडू नये, असं सर त्याला समजावू लागले.

"घटना म्या वाचली, सर," तो म्हणाला. "त्याच्यात हे नाही. आन् मावशीले दम लागते, एवढं तं दिसते."

तो निघून गेला. या लोकांना स्वातंत्र्याची किंमत कुठून कळणार, असं सर त्याच्या पाठीमागे म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो, आणि त्या हसण्याची मला आजही किळस येते.

दुसऱ्या दिवशी सरांनी तो अर्ज पंगतीत मोठ्याने वाचला. मावशींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. जमत असेल तर राहा, नाहीतर दुसरी जागा पाहा, एवढंच त्या म्हणाल्या. आम्ही सात जण ताठ मानेने बाहेर पडलो आणि एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात जेवू लागलो. तिथे हवी तितकी सिगारेट ओढायची मोकळीक होती. टेबलं कळकट आणि भाजीवर तेलाचा बोटभर तवंग. दुसऱ्या आठवड्यात माझं पोट बिघडलं. माघार घ्यायची नाही, असं सर रोज बजावत. मग तेच यायचे बंद झाले. खोलीवर खिचडी शिजवतो, म्हणाले.

एका दुपारी मी मावशींच्या घरावरून चाललो होतो. भुरभूर पाऊस होता. सर हात पुसत पायऱ्या उतरले, छत्री उघडली आणि गटाराच्या कडेला उभं राहून सिगारेट पेटवली. मला पाहून जरा चपापले.

"तत्त्व वेगळं आणि पोट वेगळं," ते म्हणाले.

या माणसाच्या मागे मी पंधरा दिवस फिरलो होतो. मी आत गेलो. उरलेल्या जागा आता एसटीच्या कंडक्टरांनी घेतल्या होत्या. जागा नाही, हे मावशींनी न रागावता सांगितलं. मग माझ्या तोंडाकडे पाहून लोटीभर ताक आणून दिलं. मी ते उभ्यानेच प्यायलो. माफी मागायचं मनात होतं, पण मागितली नाही. वर्ष संपेपर्यंत स्टँडवरच जेवलो.