देवीच्या हद्दीबाहेरची मारामारी

ईरा आणि कबीर,

शाळेसाठी केलेला फॅमिली ट्री तुम्ही मला पाठवलात. सुबक आहे. आजोबांच्या नावाखाली 'इंजिनीअर' लिहिलंय आणि माझ्या नावाखाली 'गृहिणी'. घर मी चालवलंच, पण पगार मला सिनेमाची कंटिन्युइटी सांभाळण्याचा मिळत असे. तेवढी दुरुस्ती करून घ्या. आणि कंटिन्युइटी म्हणजे काय असं कोणी विचारलं तर सांगता यावं, म्हणून ऐंशीच्या दशकातला एक प्रसंग लिहिते.

प्रसंग सुरू होतो तेव्हा सबनीस नावाचे नट देवरुखच्या पलीकडच्या एका गावात, वाघजाईच्या देवळासमोर, दीपमाळेला दोरीने बांधलेले आहेत. कॅमेरा तयार आहे. आणि गावकर, म्हणजे गावाचे पहिले मानकरी, कॅमेऱ्यासमोर येऊन उभे राहिले आहेत.

आधी माझं काम सांगते. सिनेमा सलग काढत नाहीत, तुकड्यातुकड्यांत काढतात. एका तुकड्याला शॉट म्हणतात. एकाच मारामारीचा अर्धा भाग आज काढायचा, अर्धा उद्या. आज नटाच्या कोटाचं वरचं बटण तुटलेलं असेल तर उद्याही ते तुटलेलंच पाहिजे. नाहीतर पडद्यावर मारामारी चालू असताना त्याने मध्येच बटण शिवून घेतलं असं दिसतं. हे सगळं लक्षात ठेवणारी बाई मी. शिवाय मी रत्नागिरीची, म्हणून या सिनेमात गावाशी बोलण्याचं कामही न विचारता माझ्याकडे आलं.

सिनेमाचं नाव 'मास्तरांचा दणका'. तो टीव्हीवरच्या 'मास्तरांची शंका' या मालिकेवरून घेतला होता. मालिकेत सबनीस हे एक निवृत्त शाळामास्तर होते. ते गुन्हेगारासमोर बसून शांतपणे प्रश्न विचारत, आणि शेवटी गुन्हेगार आपणहून रडत सगळं कबूल करी. लोकांना ते फार आवडलं. आमचे निर्माते-दिग्दर्शक अण्णा यांनी मालिकेचे हक्क विकत घेतले आणि त्यातले प्रश्न काढून टाकले.

"मॅडम, प्रश्न लोक घरी फुकट ऐकतात," ते मला म्हणाले. "तिकीट काढून कोण ऐकणार?"

म्हणून सिनेमात मास्तर छत्रीने कराटे करत होते. एक जीप गवताच्या उडवीत घुसत होती, आणि व्हिलन दोनदा शेणात पडत होता. एकदा पडणं पुरेसं आहे असं मी सुचवून पाहिलं होतं.

गावात तेव्हा टीव्ही नव्हता. तरी मालिका गावाला पाठ होती. मुंबईला नोकरीला असलेली मुलं सुट्टीत घरी आली की अंगणात बसून एकेक भाग सांगत. सांगता सांगता मास्तर जरा मोठेच होत. टीव्हीवरचे मास्तर चहा पीत. गावातल्या मास्तरांनी चहाही सोडला होता.

मे महिन्यात हीच मुलं घरी आलेली, आणि अण्णांनी त्यांनाच गुंड म्हणून घेतलं. शूटिंग सुरू करण्याआधी देवीची परवानगी मागितली, ती मिळाली. पहिल्या दिवशी गुंडांनी मास्तरांना बदडून दीपमाळेला बांधलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले, पण कोणी हरकत घेतली नाही. दुसऱ्या दिवशी मास्तर दोरी तोडून सगळ्यांना लोळवणार होते. तेव्हा गावकर पुढे आले. किरकोळ अंगाचे, खांद्यावर टॉवेल.

"मास्तर आता काय करनार हाय?"

"मारणार," अण्णा म्हणाले.

"मास्तर कुनावर हात उचलायचा नाय."

"अहो, खोटं मारणार!"

"खोटं मारायलाबी हात उचलावाच लागतो ना, शेट?"

"काल तुमची पोरं त्यांना मारत होती, ते चाललं?"

"ते गुंड. गुंड मारनारच."

अण्णा चिडले. "तुम्ही ती मालिका बघितली तरी आहे का?"

"नाय. ऐकलीय. तुमी बघितलीत?"

अण्णांनी बघितली नव्हती.

गावकर म्हणाले, देवीलाच विचारू. आदल्या वेळी होकार मिळाल्यामुळे अण्णा लगेच तयार झाले. कौल लावणं म्हणजे असं: गुरव, म्हणजे देवळाचा पुजारी, मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि मोठ्याने प्रश्न विचारतो. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गुरवाने विचारलं, "आई, मास्तरांनी तुझ्या अंगणात पोरांना मारावं का?" डावी पडली.

"पुन्हा लावा," अण्णा म्हणाले.

"तोच सवाल परत?" गुरव म्हणाला. "आईला पयल्यांदा आयकू आलं नाय असं वाटतं काय तुमाला?"

दुसऱ्या जागी शूटिंग करता येईना. काल दीपमाळ दिसली होती, म्हणजे आज दीपमाळच हवी. हे सांगणं माझंच काम, आणि ते मी सांगितलं. मारामारी बसवणारा फाइट मास्टर संध्याकाळी दुसऱ्या सिनेमासाठी निघणार होता. "शेवटच नसेल तर सिनेमा डब्यात," अण्णा म्हणाले. डब्यात जाणं म्हणजे रिळं डब्यात बंद होतात आणि सिनेमा कधीच लागत नाही.

मी दोरीची गाठ कशी आहे ते लिहून घेतलं आणि सबनिसांना सोडवलं. आम्ही फणसाखाली जेवायला बसलो. त्यांच्या गालावरचं रंगाचं काळंनिळं जेवताना निघणार नाही, याकडे माझं लक्ष होतं.

"बँकेचा राजीनामा देऊन आलोय," ते म्हणाले. "इतकी वर्षं नाटकात निरोप घेऊन येणाऱ्या माणसाचं काम केलं. हा पहिला सिनेमा, ज्यात मी शेवटपर्यंत आहे."

"म्हणजे डब्यात जाता कामा नये."

"गंमत अशी की गावकरांचं बरोबर आहे. मास्तर कुणाला मारणार नाही. मला विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं." त्यांनी भात कालवला. "पण न मारणाऱ्या मास्तराला सिनेमात कोण घेतो?"

त्यांच्याकडे बघताना मला सुचलं ते माझ्या कामातूनच सुचलं. मी गावकरांकडे गेले. ते देवळाच्या पायरीवर बसले होते. गुंड झालेला त्यांचा पुतण्या, कपाळाला लाल रंग लावून, खांबाशी तोंड पाडून उभा होता.

"गावकर, मास्तरांनी मोकळ्या अंगणात एकट्याने छत्री फिरवली तर चालेल?"

"छत्री कोनीबी फिरवंल."

"मास्तर बाजूला बसलेले असताना पोरं आपापली उताणी पडली तर?"

"कशानं पडनार?"

"ते मुंबईत ठरेल. तिथे एक माणूस कात्री घेऊन बसतो. छत्रीच्या तुकड्याला पडण्याचा तुकडा जोडतो."

आमच्याकडे बांधाच्या हद्दीवरून माणसं आयुष्यभर कोर्टाच्या पायऱ्या चढतात. हद्दीचा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही.

"म्हंजे मारामारी मुंबैत व्हनार."

"हो."

"देवीच्या हद्दीभायेर."

"बरीच बाहेर."

"मंग ती मुंबैच्या देवीनं बगावी," गावकर म्हणाले आणि उठले. पुतण्याने एवढा मोठा श्वास सोडला की ते वळून म्हणाले, "तू काय खूश व्हतोस रे? पडायचं तुलाच हाय."

दोन प्रश्न मी शब्द तोलून सांगितले, गुरवाने ते देवीला विचारले. दोन्ही वेळा उजवी पडली.

मग सबनिसांनी रिकाम्या अंगणात हवेत छत्रीचे वार केले. नंतर ते खुर्चीवर जाऊन बसले आणि पोरं एकामागून एक पडली. गावकरांचा पुतण्या तर पडायच्या आधीच कण्हायला लागला. फाइट मास्टरने आयुष्यात असं काही बसवलं नव्हतं आणि तो तसं दर थोड्या वेळाने बोलून दाखवत होता. संध्याकाळी तो वेळेवर निघाला.

एडिटर वैतागला, पण त्याने जोडलं. सिनेमा लागला. मुंबईत आठवडाभरात उतरला, तालुक्यांच्या गावी बरा चालला. मारणारा आणि मार खाणारा एकदाही एकत्र दिसत नाहीत, हे पाहून एका समीक्षकाला वाटलं की दिग्दर्शक परदेशी सिनेमे बघतो. अण्णांनी ते नाकारलं नाही. सबनिसांना पुढे हीरोईनच्या वडिलांच्या भूमिका मिळत राहिल्या. बँकेत परत जावं लागलं नाही.

रत्नागिरीत सिनेमा लागला तेव्हा सगळं गाव ट्रक करून आलं. मारामारीला सगळ्यात जोरात शिट्टी गावकरांची होती. बाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं, "दिसले ना मास्तर मारताना?"

"दिसले. रत्नागिरीत दिसले," ते म्हणाले. "आमच्या गावात कुनी कुनाला मारलं नाय."

यातून मी एवढंच शिकले की परवानगी मागायला जाताना आधी प्रश्न नीट लिहावा. तुमच्या आजोबांनाही मी पुढे याच पद्धतीने बरंच काही विचारलं.

मालिकेच्या टेपवर नंतर दुसरंच काही रेकॉर्ड झालं. सिनेमाची प्रिंट कोकणच्या दमट हवेत चिकटून गेली. सबनीस गेले, अण्णा गेले. पण त्या गावच्या शिमग्याच्या नमनात, म्हणजे होळीच्या सणातल्या नाचगाण्याच्या खेळात, अजून एक मास्तर येतो. तो अंगणाच्या एका टोकाला छत्री फिरवतो, आणि दुसऱ्या टोकाला पोरं पडतात.