शेवटची बशी येईपर्यंत

मुकादमाचा दिवस पहाटे चारला सुरू होई. गजर त्याने आयुष्यात लावला नाही. चार वाजले की डोळे उघडत आणि उघडले की पांघरूण बाजूला भिरकावलं जाई. पाचला तो गोदामाच्या दाराशी हजर. पाठीवर पोतं घ्यायचं, फळीवरून ट्रकात चढायचं, थप्पी लावायची, उतरून पुन्हा पाठ वाकवायची. पुढे टोळी त्याच्या हाताखाली आली तरी पोतं उचलणं त्याने सोडलं नाही. नुसते हातवारे करून काम सांगणाऱ्या दुसऱ्या मुकादमांना तो 'वाहतूक पोलीस' म्हणायचा.

टोळीत त्याचा एक नियम होता. दुपारी शेवटचा माणूस हात धुऊन बसल्याशिवाय कुणी डबा सोडायचा नाही. डबे सगळ्यांत मिळून खात, त्यामुळे पूर्वी मागे राहणाऱ्याच्या वाट्याला रिकामी भांडी आणि इतरांचे ढेकर येत. त्यावरून एकदा दोघांची डोकी फुटली होती. नियम लागल्यापासून तो प्रकार बंद झाला. मुकादमाला या गोष्टीचा पगारापेक्षा जास्त अभिमान. घरीही त्याने तेच चालवलं. सगळं ताटात आल्याशिवाय तो घास घेत नसे आणि कुणाला घेऊ देत नसे. कुणाला म्हणजे मुलीला. बायको वाढत असे.

तो निवृत्त झाला त्या वर्षी गल्लीच्या टोकाचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान बंद पडलं आणि तिथे इटालियन हॉटेल निघालं. लहान लहान बशांतून वाढतात, अशी बातमी होती. बायको भाजी आणायला जाताना काचेतून आत बघायची. एकदा जेवणं उरकल्यावर ती म्हणाली, "मला तिथे जायचंय."

"बशीत काय जेवायचं? बशीत चहा पितात."

"मला बसून गरम गरम खायचंय. दुसऱ्या कुणीतरी केलेलं."

तिने कधी काही मागितलं नव्हतं, त्यामुळे नाही कसं म्हणायचं याची मुकादमाला सवय नव्हती. पोस्टात नोकरी करणाऱ्या मुलीने रविवार संध्याकाळचं टेबल राखून ठेवलं.

आत शिरताच त्याने भिंत पाहिली. लोक पैसे मोजून भिंतीला गिलावा करून घेतात; इथे पैसे मोजून तो खरवडून काढला होता. विटा उघड्या, दिवे नागडे, स्टुलांना पाठ नाही. वेटर दाढीवाला, कमरेला लोहारासारखा चामड्याचा एप्रन.

"याने कधी ठिणगी पाहिली असेल का?" मुकादमाने विचारलं.

"बाबा, हळू."

"मी हळूच बोलतोय. भिंतीला गिलावा नाही म्हणून घुमतंय."

मुलीने सहा बशा सांगितल्या. पहिली आली ती भाजलेल्या पावाची, वर टोमॅटो. बायकोने हात पुढे केला.

"थांब," मुकादम म्हणाला. "सगळं येऊ दे."

"इथे होईल तसं आणतात, बाबा. आलं की खायचं."

"ते त्यांच्याकडे मुकादम नाही म्हणून. मी आहे."

बायकोने हात मांडीवर ठेवला. दुसऱ्या बशीत भाताचे तळलेले गोळे आले, आत वितळलेलं चीज, वर वाफ. माणसं तीन आणि गोळे चार. "चौथा कुणी खायचा यावर भांडण लावायचं आणि मग दुसरी बशी विकायची," मुकादम म्हणाला. मग मांसाचे गोळे आले, कोवळ्या काकडीसारखी कसलीशी भाजी तळून आली, मग बीन्स. प्रत्येक बशी धापा टाकत यायची आणि टेबलावर गार व्हायची. बाहेर ओघळलेल्या चीजवर साय धरली. बायको एकेका बशीवरची वाफ जाताना बघत होती.

वेटर आला. त्याचा चेहरा पडला होता. "काका, काही चुकलं का? कुणी हातच लावला नाही."

"एक बशी यायची आहे."

"ती या संपल्या की चढवतो. टेबलावर जागा कुठे आहे?"

"म्हणजे तू आमच्यासाठी थांबलायस."

"हो, काका."

"आणि आम्ही तुझ्यासाठी."

वेटरने मान डोलावली. आतून आचाऱ्याने डोकं बाहेर काढलं, गार बशांकडे पाहिलं आणि परत आत घेतलं.

"बघ," मुकादम मुलीला म्हणाला, "अशी टोळी मी अर्ध्या दिवसात हाकलली असती. गाडी लागल्याशिवाय माल काढणार नाही, माल निघाल्याशिवाय गाडी लावणार नाही."

"गाडी तुम्ही अडवलीय," बायको म्हणाली.

तिने भाताचा गोळा उचलला आणि तोंडात टाकला. मुकादमाने टेबलावर तळहात आपटला नाही, नुसता ठेवला. टोळीत तेवढं पुरायचं.

"अगं, नियम आहे."

"तुमच्या टोळीचा. मी तुमच्या टोळीत कधी होते? टोळीत असते तर शेवटचा माणूस म्हणून माझ्यासाठी तरी थांबला असतात." ती चावत होती. "गार झालाय. घरच्यासारखा."

मुलगी बीन्सकडे बघत राहिली. मुकादमाला घरचं जेवण डोळ्यांपुढे आणायचं होतं. त्याला आपलं ताट दिसलं, मुलीचं दिसलं, वाढणारा हात दिसला. बायको जेवताना काही केल्या दिसेना. ती जेवायची तेव्हा तो हात धुऊन झोपलेला असे, चारला उठायचं म्हणून.

त्याने दाढीवाल्याला बोलावलं. "हे भाताचे गोळे पुन्हा आण. आणि मधे कुठे गप्पा मारत उभा राहू नकोस."

"शेवटची बशी पण चढवू?"

"तिचं नाव काढू नकोस."

जुनी बशी त्याने स्वतःपुढे ओढली आणि उरलेले गार गोळे मुलीबरोबर संपवायला घेतले. "यात मीठ नाही," तो म्हणाला. "कष्टही नाहीत. भात मुठीत वळला की झाला गोळा." दुसऱ्या गोळ्यालाही त्याने हेच सांगितलं.

नवी बशी वाफाळत आली. मुलीने सवयीने हात पुढे केला, तर आईने बशी आपल्याकडे घेतली. पहिल्या घासाला तिचं तोंड भाजलं. तिने फुंकर घातली आणि दुसरा उचलला.

पावती आली तेव्हा मुकादमाने ती दोनदा वाचली आणि खिशातून पाकीट काढलं. उभी हयात पाठीवरून वाहिलेल्या पोत्यांच्या पैशातून भाताचे चार गोळे आले होते. चारही तिने एकटीने बसून, गरम असताना खाल्ले.